वळणाची जागा

प्रिय धाकट्या,

फोनवर तू रोज एकच विचारतोस, फाटकापासून दारापर्यंतच्या रस्त्याचं काम कुठवर आलं, आणि मी रोज एकच सांगते, चाललंय. काल ते संपलं. काँक्रीटवर ओली पोती टाकून मी पाणी मारतेय, पण त्याच्याकडे सरळ बघवत नाही. का, ते सांगते, फक्त माझ्या पद्धतीनं सांगू दे. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, यावरून तू आयुष्यभर चिडवलंयसच.

जायच्या आधी तू अंगणात फक्की टाकून वळण आखलंस. मी म्हटलं, एवढ्या जागेत आणखी एक घर बसेल. तेव्हा हाताला धरून तू मला त्या रेषेवरून चालवलंस आणि समजावलंस, की लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात, म्हणून आतल्या बाजूला जागा सोडावी लागते. गाडी आत आली की वळून तोंड परत फाटकाकडे व्हायला हवं, रिव्हर्सची भानगडच नको. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यास, आता स्वतःची दहाचाकी स्वतःच्या दारात वळणार होती. किती खुशीत होतास तू.

ती फक्की मी पुसली रे. ठेकेदाराला म्हटलं, मोटारीपुरता रस्ता करा आणि उरलेल्या जागेला कठडा घालून माती भरा. ट्रक वळणार नाही ताई, असं त्यानं दोनदा बजावलं. मी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी तुला सांगितलं, सगळं तुझ्याच मापानं चाललंय. एरवी साधी थाप मारताना माझी त-त-प-प होते. त्या दिवशी जीभ जराही अडखळली नाही, हे मला फार लागलंय.

बाबांच्या हाताचं प्लास्टर निघालं. चहाचा कप आता स्वतः धरतात. ठेकेदारानंच मापं चुकवली असं धरून ते त्या बिचाऱ्याला येता-जाता बोलतात, तो माझ्याकडे बघतो आणि मी स्वयंपाकघरात पळते.

आता ऐक. मागच्या खेपेला तू गाडी मागे घेत होतास आणि बाबा नेहमीसारखे काठी हलवत "येऊ दे, येऊ दे" करत होते. पाय घसरून पडलो, असं त्यांनी तुला सांगितलं. ते घसरले नव्हते. तुझ्या डाव्या आरशाच्या बाजूला, भर उन्हात उभे होते. तू त्या आरशात बघितलंस, हे मी पायरीवरून पाहिलं, तरी गाडी येतच राहिली. गाडीच्या मागच्या फळक्याचा धक्का लागून ते पडले. तू ब्रेक दाबलास तो माझी किंकाळी ऐकून. त्याचा धंदा बुडेल, एक शब्द काढू नकोस, अशी त्यांनी मला शपथ घातली आणि मी गप्प बसले. पुढे ठेकेदार सहज म्हणाला, वळण डावीकडून घेतलं असतं तर निम्म्या जागेत भागलं असतं, तुमच्या भावानं उजवीकडूनच का आखलं? मी मनात चरकले. डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही, हे तुला आधीच ठाऊक होतं.

म्हणून हे पत्र. शपथही मोडली आणि तुला फसवलंही, तेव्हा निदान दारात आल्यावर नव्हे, आधीच तुला कळावं. या वेळी गाडी ट्रकतळावर ठेव आणि बसनं ये. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझं नाव घातलंय, मी सोबत येईन. गाडी चालवायला हरकत नाही असं ते म्हणाले, तर तो कठडा मी उभी राहून फोडून घेईन. नाही म्हणाले, तर बहिणीनंच पोटावर पाय दिला असं सगळ्यांना खुशाल सांग. मी नाही म्हणणार नाही.

तुझीच,
ताई