चारच्या चहाचा नियम

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची पाचगणीला! आष्ट्याहून तीन एसट्या बदलून अंग आंबून गेलंय, पण मजेत आहे. निवासी शाळा, इंग्रजी शिकवायची नोकरी, राहायला खोली. सगळं तरन्नुममुळे. कॉलेजात पाच वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. ती इथे तीन वर्षं शिकवतेय. "ही माझी प्रियदर्शनी," अशी तिने सगळ्यांना ओळख करून दिली.

आम्ही दोघी सोडल्या तर इंग्रजीचे बाकी तिघे गोरे. मोइराबाई स्कॉटलंडच्या, भर उन्हात हातमोजे घालतात. ग्रॅहमसाहेब वह्या तपासण्याआधी त्यांचा वास घेतात. ओवेनसाहेब जिना पाठमोरे उतरतात. देश सोडून तिघांनाही चाळीस वर्षं झाली म्हणे. म्हाताऱ्यांची सर्कसच आहे नुसती!

६ नोव्हेंबर
इथला एक नियम आहे. चार वाजता एकत्र चहा, आणि नव्या माणसाने घरची एक आठवण सांगायची. मी अण्णांची, माझ्या वडिलांची सांगितली. फौजेतून सुट्टीवर आले की ट्रंक उघडायच्या आधी ते उसात एक चक्कर मारून यायचे. तिघेही कप खाली ठेवून ऐकत होते. इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तरन्नुम मात्र चहा अर्धा टाकून उठली.

११ नोव्हेंबर
ग्रॅहमसाहेब आज वडिलांविषयी सांगत होते. फौजेतून आले की ट्रंक न उघडताच उसात जायचे म्हणे. इंग्लंडात कुठला आलाय ऊस? मला हसू आलं.

खोलीवर येऊन ही वही चाळली. सहा तारखेला हे मीच लिहिलंय. मोबाइलमधला, खाली 'अण्णा' लिहिलेला फोटो काढून बघितला. मिशीवाला कुणी अनोळखी माणूस.

१४ नोव्हेंबर
चहाला जायचंच नाही असं ठरवलं होतं. चार वाजले आणि पाय आपोआप निघाले. थोरल्या भावाचं लग्न सांगितलं.

मला भाऊ आहे? वर लिहिलंय म्हणजे असणार.

१७ नोव्हेंबर
तरन्नुम न सांगता नोकरी सोडून गेली. फोन केला तर रडायलाच लागली. म्हणाली, या तिघांना परत जायला घर उरलेलं नाही, म्हणून ते दुसऱ्याचं घेतात. नवं माणूस आणून दिलं की जुन्याला सोडतात. तिच्याकडे फक्त अम्मीची आठवण उरली होती. ती वाचवायला तिने मला आणलं.

केसानं गळा कापलास गं. परक्याने केलं असतं तर सोसलं असतं. पण तू, तरन्नुम?

१९ नोव्हेंबर
स्टँडवर पळाले. कंडक्टरने विचारलं, कुठलं तिकीट? मला — गावाचं नाव वहीत होतं, वही खोलीवर. घ्यायला परत आले. तोवर चार वाजले.

२० नोव्हेंबर
आता फक्त आई उरलीय. तिच्याबद्दल इथेही लिहिणार नाही. तोंडात पदर कोंबेन, पण — कप वाजायला लागले —

२१ नोव्हेंबर
फाटकाशी एक बाई आलीय. लुगडं, हातात पिशवी. मला कुणा प्रियदर्शनीच्या नावाने हाका मारतेय, रडतेय. कुणाला भेटायचंय, असं मी नीट विचारलं.

मोइराबाई धावत आल्या, तिच्या गळ्यात पडल्या. "आये, कवा आलीस गं?"

बाई घाबरली. मोइराबाई तिला लहानपणीचं एकेक सांगत राहिल्या, तसा तिने हळूच त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. डोळे पुसले. माझ्याकडे बघत विचारलं, "ही कोण बाई गं, पोरी?"

मोइराबाई हसल्या, म्हणाल्या, ही तर इथलीच, आये, हिला घरचं कुणी नाही.