एकच गाणं, दोनदा विकत

३ सप्टेंबर २००८, अमरावती

किशोरनं गाणं विकत घेतलं. विकत! कंप्युटरवर, कार्डाचा नंबर देऊन. रईसाच्या मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत अख्खं मेमरी कार्ड भरून मिळतं. अन् कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारा माझा नवरा म्हणतो, "चोरीचं कायले आयकाचं?" एवढा साधू कधीपासून झाला?

६ सप्टेंबर

त्याची मेल उघडी होती. वाचली. वाचणारच! तेच गाणं दोनदा घेतलंय — एकाच दिवशी. चुकून? किशोर चुकून रुपया सोडत नाही.

७ सप्टेंबर

रविवार, तरी सकाळीच गाडी काढून गेला. पंचनामे म्हणे. कृषी खात्यात आहे खरा, अळीनं सोयाबीन खाल्लं हेही खरं. पण रविवारी? अन् वावरात जायला कडक इस्त्रीचा शर्ट?

९ सप्टेंबर

रईसाला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप असतं. एका कंपनीच्या प्लेअरवर चालतं, दुसरीच्यावर नाही. दुसऱ्या प्लेअरसाठी परत घ्यावं लागतं. मग हसली — "भाभी, प्लेअर दुसरा, मतलब कान भी दुसरे!"

आमच्या घरात एकच प्लेअर आहे. मला हसू आलं नाही.

१० सप्टेंबर

भाजी करपली. जायचं तरी कुठे? आई नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून बाबांनी चार वर्षं तोंड पाहिलं नाही. अंजनगावचं घर याच्यापायी बंद झालं. याच्यापायी! बेइमान!

१४ सप्टेंबर

आज दारातच अडवलं. "कोण आहे ती? नाव सांग."

आधी हसला. मग माझं तोंड पाहून खालीच बसला. "ती नाई व. तुये बाबा."

जुलैत पाहणीसाठी अंजनगावला गेला, तिथे कळलं — बाबांची डावी बाजू गेली. लकवा. शेजारची तानुबाई सगळं करते. यानं प्लेअर नेला, फुकटची गाणी भरून. बाबांनी फेकून दिला! नकली कॅसेटींनीच त्यांचं कॅसेटचं दुकान बुडवलं होतं ना. तेव्हापासून हा विकत घेतो. एक त्यांच्यासाठी, एक स्वतःसाठी. "आठवडाभर मी आयकतो, रविवारी दोघं त्याच्यावर बोलतो. दुसरं बोलाले आमच्यात आहे काय? तुले सांगू नको म्हनले, म्हून नाई सांगितलं."

त्याला दोन बुक्क्या मारल्या. मग त्याच्याच खांद्यावर रडले.

१५ सप्टेंबर

किशोरच्या मोबाइलवर बाबांचा फोन. मी कान लावून. जीभ जड झालीय त्यांची. "तिले सांगितलं काय?"

मी घाबरून मान हलवली — नाही म्हण. मला कळलंय हे त्यांना माहीत झालं तर याचंही येणं बंद करतील.

"नाई जी, बाबा."

मग चिडलेच — "तुमीबी कमालच करता जी, जवाईबापू! मी नाई म्हनलं, तं सांगतच नाई काय?"