भुऱ्याची उष्टी भाकरी

२ मे १९९२, जळगाव
ठरलं म्हणे. कुणी ठरवलं? साहेबांनी. बढती झाल्यापासून नवऱ्याला मी मनातल्या मनात साहेबच म्हणते. ऑफिसातली तीन घरं मिळून मेटाडोर करायची, मुंबईला जायचं, ते पाळण्यांचं नि पाण्याच्या घसरगुंड्यांचं मोठं पार्क बघायचं. मुक्ता, माझी मु., नाचतेय. दहा वर्षांची पोर, तिनं नाचावंच. मी एवढंच विचारलं, भुऱ्याचं काय?
"व्यवस्था केलीय."
व्यवस्था म्हणजे धुळ्याचे कुणी निवृत्त सुभेदार. पैसे घेऊन लोकांची कुत्री सांभाळतात. जाताना सोडायचा, येताना घ्यायचा. यांच्या वरच्या साहेबांचं अल्सेशियन तिथंच राहतं. आलं लक्षात.

४ मे
शेजारच्या मालतीअक्कांना विचारलं. "ठेव ना माझ्याकडे, त्यात काय." भुऱ्या त्यांच्या हातचं खातो. संध्याकाळी कळलं, यांनी परस्पर जाऊन नाही सांगितलं. लोकांना त्रास नको म्हणे. लोकांचा एवढा कळवळा कधीपासून? डोकं तडकलंय. वरण करपलं, तसंच वाढलं.

६ मे
भुऱ्याची साखळी, वाटी, गोणपाट एका पिशवीत भरलं. यांना बजावून सांगितलं, त्या सुभेदारांना घासाचं सांगा. "हो गं, सांगतो." हा "हो गं" मला चांगला माहीत आहे.
नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हे उगीच शिकवलं नव्हतं. सावद्याच्या मळ्यात आधीची दोन कुत्री केळीचोरांनी मारली, विषाचे गोळे टाकून. म्हणून भुऱ्या पिल्लू असल्यापासून एकच नेम. देणाऱ्यानं आधी स्वतः घास खायचा, मग त्यातलाच उरलेला भुऱ्यापुढे धरायचा. नुसतं ठेवलेलं अन्न तो हुंगतसुद्धा नाही. "पह्यले आपून खा, मंग त्याले दे," नाना मला सांगायचे. दिवाळीत नाना गेले, कुत्रं आमच्याकडे आलं. मी देते, मु. देते, अक्का देतात. साहेबांनी आजवर एकदाही दिलेलं नाही. त्यांना किळस येते.

८ मे, मुंबई
सकाळपासूनचं लिहून काढते.
धुळ्याला नऊच्या सुमारास पोचलो. जागा चांगली, खोटं कशाला बोलू. पत्र्यावर ओला चारा टाकलेला, खिडक्यांना ओली पोती, पाण्याच्या कुंड्या भरलेल्या. सुभेदारांनी नीट विचारलं, "खाण्याची काही सवय?" सोबतची दोन्ही कुटुंबं खाली उतरून उभी होती.
"छे, सगळं खातो," साहेब म्हणाले.
मी म्हटलं, "तसं नाही, तो आधी..." तर माझा दंड धरून, "चल, गाडी खोळंबलीय." आणि साखळी स्वतःच्या हातानं सुभेदारांकडे दिली. भुऱ्या भुंकला नाही. गाडी वळेपर्यंत बघत होता.
गाडीत विचारलं, का नाही सांगितलं? हळूच म्हणाले, "चारचौघांत काय सांगू? आमचं कुत्रं उष्टं खातं? नानांचं खूळ ते. भूक लागली की खाईल."
नाशिकपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. मु. म्हणाली, आई तुझं डोकं दुखतंय का. हो म्हटलं.

९ मे
एसटीडी बूथवर रांग. फोन सुभेदारांच्या बायकोनं उचलला. "ताई, काहीच खाल्लं नाही हो. नवी जागा आहे." मी सांगायला लागले, "तुम्ही आधी स्वतः..." आणि यांनी मागून रिसीव्हर काढून घेतला. "काही काळजी करू नका, वहिनी, रुळेल तो." ठेवला फोन. बूथवाला बघत होता. मी पुन्हा लावायला सांगितला, तर लाईन लागेना. संध्याकाळी पुन्हा गेले, तेव्हाही लागली नाही.
लग्नाला बारा वर्षं झाली. एवढी चीड कधी आली नव्हती. माझ्या हातातून फोन ओढतात.

१० मे
पार्क. गर्दी, ऊन, पाण्याला क्लोरीनचा वास. मु. पाच वेळा त्या मोठ्या घसरगुंडीवरून आली, ओली चिंब, दात काढत. तिच्याकडे बघून मी हसले, मग हसल्याचा राग आला. साहेब उंच पाळण्यात बसले नि डोळे गच्च मिटून घेतले. उतरल्यावर पांढरेफटक. मला बरं वाटलं, लिहून ठेवते.
जेवताना मु.नं पावभाजीचा घास तोंडात घातला, उरलेला पाव सवयीनं खाली धरला. खाली कोण होतं? मग तिच्याच लक्षात आलं. पाव ताटात ठेवला आणि बापाकडे बघत राहिली. ते म्हणाले, "जेव लवकर, अजून बरंच बघायचंय." मला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं.

११ मे, धुळ्याहून घरी
भुऱ्यानं तीन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दूध, मटण, बिस्किटं, सगळं करून झालं. काल सुभेदारांनी जबडा उघडून भात घालायचा प्रयत्न केला तर त्यांच्या मनगटाला चावला. मग तोंडाला पट्टा, ग्लुकोजची सुई. मी पोचले तेव्हा कोपऱ्यात पडला होता. मला बघून शेपूट हलली, उठला नाही.
सुभेदारांच्या बायकोकडे भाकरी मागितली. खाली बसले, एक घास चावला, उरलेला पुढे केला. भुऱ्यानं हुंगला. मान वळवली.
सुभेदार मागे उभे होते. "हे काय?"
मी सगळं सांगितलं. नाना, मळा, विष, घास. सोबतच्या बायकाही ऐकत होत्या, ऐकू देत.
सुभेदार यांच्याकडे वळले. चांगले शुद्ध बोलणारे गृहस्थ, पण रागात घरच्या बोलीवर आले. "कुत्रासाठे मी काय बी करस. एक घास खावाले माले कसानी लाज शे?" मनगटाची पट्टी पुढे धरली. "एवढं सांगता येत नव्हतं?"
साहेबांनी पाकीट काढलं. सुभेदारांनी पैसे घेतले नाहीत. साहेब पाकीट हातात धरूनच गाडीकडे वळले.
माझ्यासारखा राग दुसऱ्या कुणाला आला, याचं बरं वाटलं. पण भुऱ्या खात नाही.

१२ मे
गुरांचे डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. म्हणाले, पोटात काही गेलं पाहिजे, सलाईनच्या भरवशावर राहू नका. मी दिलं, नाही. मु.नं दिलं, नाही. अक्कांनी दिलं, नाही. अक्का मला म्हणाल्या, "आता कुणाचाच विश्वास राहिला नाही वाटतं त्याला." मग यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा म्हणाल्या. म्हातारी गुणाची आहे.
मी यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि उठते.

१३ मे
सकाळी मु.नं बापाला सरळ विचारलं, "पप्पा, तुम्ही तर एकदाही नाही दिला." चपला घातल्या नि ऑफिसला गेले.
संध्याकाळी आले ते चपला न काढता मागच्या पायरीवर बसले. इस्त्रीची पँट, धुळीत. "भाकरी दे," म्हणाले. कळण्याची दिली, ज्वारी-उडदाची. तुकडा तोडला, तोंडात घातला. चावताना चेहरा वाकडा. उरलेला अर्धा भुऱ्यापुढे. भुऱ्यानं तोंड भिंतीकडे केलं. यांनी तो अर्धा स्वतःच खाल्ला, नवा तोडला. पुन्हा तेच.
कुंपणाबाहेरून, मेटाडोरमध्ये सोबत आलेले ऑफिसातले एक गृहस्थ चालले होते. थांबले. "काय चाललंय साहेब?"
मला वाटलं, आता हात मागे घेणार. घेतला नाही.
"आमचं कुत्रं उष्टं खातं," हे म्हणाले. "माझं उष्टं देतोय."
ते गृहस्थ हसले नि गेले. भुऱ्याची मान भिंतीकडून जराशी इकडे आली. हुंगलं. घेतलं नाही. हे हात पुढे धरून बसलेत अजून, मी स्वयंपाकघरातून लिहितेय.
माझा राग गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही. दोन भाकऱ्या संपल्या, दोन्ही यांनीच खाल्ल्या. आत्ता हाक आली, "शैला, अजून एक टाक." मी ओ दिली नाही. तवा ठेवलाय.