तपकीर आणि बेचाळीस पायऱ्या

३ मार्च

चि. गप्पूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लिफाफा उघडताना नेहमीसारखे खळीत चिकटलेले तपकीरचे दोन केस निघाले आणि लेकीच्या घरी बसून मला एकदम स्वतःच्या घरात आल्यासारखं वाटलं. बाइंडरकडे मांजर ठेवलं की दुसरं काय होणार! खळीचं भांडं मात्र झाकून ठेव, ती चाटते.

गुडघा आता माझं ऐकायला लागला आहे. लेक हात धरून चालवते, जावई आयता चहा आणून देतात. इतकं कौतुक मला सोसत नाही. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेर घरी जाता येईल. घरी माझी वाट बघणारं ते एक मांजरच आहे, तेव्हा तिला जप. दुकानाचं दार लावून घेत जा, नाहीतर पायऱ्या चढून वर माझ्या बंद घरापाशी जाऊन बसेल. दूध कोमट लागतं. गार दिलंस तर तोंड फिरवते, अगदी तुझ्यासारखी.

लोभ आहेच. गुडघ्याच्या चालीने रोज थोडा वाढू दे.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गुडघ्याची बातमी वाचून बरं वाटलं. इकडे सर्व क्षेम.

वॉर्ड ऑफिसची रजिस्टरं बांधायला आली आहेत. अस्तराला उपयोगी पडतील म्हणून कारकुनाने एका बाजूला छापलेल्या रद्दी कागदांचा गठ्ठाही दिला. चांगला जाड कागद आहे.

तपकीर मजेत आहे, तिची काळजी नसावी. सहज विचारतो, ती रुसली की कुठे जाऊन बसते? म्हणजे तुझ्या घराचा माळा आणि मागची पडवी सोडून. कोणाकडे जायची सवय आहे का? तसं काही नाही, आपली माहिती असलेली बरी.

हवा ठीक आहे. मीही ठीक आहे. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार. लोभ असू द्यावा, या पत्रानंतर जरा जास्तच.

तुझा,
गप्पू

१२ मार्च

चि. गप्पूस, अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझ्या पत्राच्या खळीत एकही केस नाही. लिफाफा उन्हात धरून पाहिला. वर तू ‘सर्व क्षेम’ लिहितोस, जे जन्मात कधी लिहिलं नाहीस, आणि माळा, पडवी सोडून विचारतोस. म्हणजे दोन्ही धुंडाळून झालं. तपकीर पळाली ना?

खोटं कशाला सांगू, रडले. पण तुझ्यावर चिडले नाही. दार तू मुद्दाम उघडं टाकलं नसणार. आता ऐक. तू पहिल्यापासून मुखदुर्बळ. स्वतःच्या लग्नातही भटजींना तुझं उत्तर शेजारून मीच दिलं होतं. गिऱ्हाईक आलं तरी पुठ्ठ्याकडे बघून बोलतोस. पण घरात बसून मांजर सापडत नाही. दारोदार जा. सांग, रंग तपकिरी, डावा कान फाटका, शेपटीचं टोक पांढरं.

मला इथे रोज अकरा पायऱ्या चढायला लावतात. लेकीला वाटतं, आई डॉक्टरांचं किती ऐकते! खरं सांगू? मी तुझ्या दुकानापासून माझ्या घरापर्यंतच्या आपल्या बेचाळीस पायऱ्यांची तयारी करते आहे. आई गेली तेव्हापासून रोज संध्याकाळी तू त्या पायऱ्या चढून वर येतोस, दहा मिनिटं न बोलता बसतोस आणि जातोस. त्या दहा मिनिटांवर माझा दिवस निघतो. मोठ्या रस्त्याने फिरून जायचं तर या गुडघ्याला आता ते होणं नाही. म्हणून कुरकुर न करता चढते.

लोभ तसाच आहे. मांजर सापडो न सापडो, तो पळणार नाही.

ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, पण उड्या मारत वाचू नकोस. क्रमाने वाच.

दोन तारखेला दुपारी दार उघडं राहिलं आणि ती गेली. चूक माझीच. तुझ्या पत्राला काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणून क्षेम लिहिलं. तू मला पकडलंस ते वाचून उलट हलकं वाटलं.

दारोदार जायचं धाडस होईना. म्हणून तपकीरचं वर्णन आणि दुकानाचा पत्ता त्या रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिला, एकशे वीस वेळा, आणि भल्या सकाळी वरखाली सगळ्यांच्या दारांखालून सरकवला. दुसऱ्या दिवशी दुकानात ही गर्दी! मांजर कोणी पाहिलं नव्हतं. सगळे विचारत होते, पायऱ्या बंद करणार म्हणजे काय?

ताई, बाइंडर कागद वाचत नाही, तो कसा दुमडतो ते बघतो. मी छापलेली बाजू वाचलीच नव्हती. ती वॉर्डाच्या सभेची नोटीस होती. कठडा मोडला आहे, लोक घसरतात, म्हणून पायऱ्या दोन्ही टोकांना भिंत घालून कायमच्या बंद करायच्या, गुरुवारी सभा, हरकत असल्यास हजर राहावे. नियमाप्रमाणे एक प्रत ऑफिसातल्या फळ्यावर लागली होती, बाकीच्या माझ्याकडे अस्तराला आल्या. मी मांजर शोधायला निघालो आणि अख्ख्या वॉर्डाला आवतण देऊन बसलो.

गुरुवारी मीही गेलो. त्या ऑफिसची रजिस्टरं वीस वर्षं बांधतो, पण आत खुर्चीवर पहिल्यांदाच बसलो. एरवी म्हणे चारच डोकी असतात, काल लोक जिन्यापर्यंत उभे होते. कारकुनाने अध्यक्षबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांनी विचारलं की कागद वाटणारे गृहस्थ बोलणार का? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खिशात तुझं पत्र होतं. ते काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचत सुटलो. धपाटा वाचला, मुखदुर्बळ वाचलं, लग्नातली फजिती वाचली. लोक पोट धरून हसले. मग अकरा पायऱ्यांपाशी आलो आणि कोणी हसेना. मी शेवटपर्यंत वाचलं.

वाचून होताच मागून एक बाई उठल्या. पायऱ्यांच्या मध्यावर राहतात, रफूचं काम करतात. त्यांनी विचारलं, फाटका कान डावाच ना? त्यांच्या लोकरीच्या टोपलीत अठरा दिवसांपासून एक पाहुणी मुक्कामाला आहे. कागद त्यांनाही मिळाला होता, पण त्यांनी फक्त छापलेली बाजू वाचली, मागे उलटून पाहिलंच नाही. मी एक बाजू वाचली नाही, त्यांनी दुसरी. तपकीर वर तुझ्याकडेच निघाली होती, ताई. अर्ध्यात दमली असेल.

मग अध्यक्षबाईंनी मत घ्यायचं ठरवलं. पायऱ्या बंद न करता दुरुस्त कराव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा म्हणाल्या. माझा हात वर आहे हे मला तो खाली घेताना कळलं. ठराव झाला, पायऱ्या राहणार. कठड्याच्या कामावर लक्ष ठेवायला पाच जणांची समिती नेमली. त्यात मी आहे. नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं.

तुझ्या पत्राने तुझं मांजर शोधलं आणि तुझ्या पायऱ्या राखल्या. मी फक्त वाचलं. लोभाचं काय मागू, माझ्या लायकीपेक्षा जास्तच मिळतो आहे.

तुझा,
गप्पू

२५ मार्च

चि. गप्पूस, पोटभर आशीर्वाद.

लिफाफ्यात पाच केस निघाले. ते तसेच ठेवून दिले आहेत. पत्र लेकीने मोठ्याने वाचलं आणि मामा इतका बोलला यावर तिचा अजून विश्वास बसत नाही. माझा बसतो. आई असती तर तुझी दृष्ट काढल्याशिवाय राहिली नसती.

माझी घरची गाऱ्हाणी तू भर सभेत वाचलीस याबद्दल तुझा कान धरणार आहे, पण नंतर. आधी मला त्या हात वर करणाऱ्या माणसांचे आभार मानायचे आहेत. त्यातली निम्मी मला ओळखतही नसतील. इतकी वर्षं त्या रफूवाल्या बाईंच्या दारावरून आपण जा-ये करत होतो आणि कधी थांबून नाव विचारलं नाही, याची लाज वाटते. तपकीरला आपल्यापेक्षा जास्त अक्कल.

रविवारी येते. गाडी वरच्या रस्त्याने घरी न्यायची नाही, खाली तुझ्या दुकानाशी थांबवीन. अकरा पायऱ्या मी एकटी चढेन. पुढच्या दहांना तू हात दे. एकविसावीवर बाईंच्या दाराशी बसेन, पाणी मागेन आणि तपकीरच्या पाहुणचाराचे आभार मानेन. उरलेल्या एकवीस पायऱ्यांना कितीही वेळ लागो, मला घाई नाही. त्या आता कुठे जात नाहीत.

लोभ भेटीत देईन.

तुझी,
ताई