ज्यांना नको त्यांनी हात वर करा

५ ऑगस्ट

सुटला एकदाचा प्रश्न! शेवटच्या वर्षाच्या वर्गावरच प्रयोग करायचा. प्रोग्रॅम दोघांनी मिळून लिहिला तर चुका कमी होतात, की एकट्याने लिहिला तर — एवढंच तपासायचं. पंडित सर म्हणाले, "मुलं आयती समोर आहेत, बाहेर कशाला शोधता?" सर माझे गाईडही आणि विभागप्रमुखही. पीएच.डी. झाली नाही तर जूनमध्ये माझी जागा जाणार, हेही त्यांनीच हसत हसत सांगितलं.

पीएच.डी.च्या पेपरसाठी आहे हे सांगून वर्गात रीतसर विचारलं. सक्ती नाही, यातलं काहीही मार्कांत धरणार नाही, ज्यांना नको त्यांनी हात वर करा. एकही हात वर नाही. कसा होईल? टर्मवर्कचे मार्क माझ्याच हातात!

७ ऑगस्ट

चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या. कार्ट्यांनी लगेच नावं ठेवली — जोडीला 'कोयता', एकट्याला 'अर्धा कोयता'. निम्म्या वर्गाचे आईबाप ऊस तोडायला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा. मी हसले.

शिरूर कासारची सुकन्या अर्धा कोयता निघाली. तास संपल्यावर मागून आली. "मॅडम, मला कोणासंगं तरी टाका ना. घरी लॅपटॉप न्हाई." चिठ्ठी बदलली तर प्रयोग बिघडतो, मी म्हणाले. दप्तर उचलून गेली.

१९ ऑक्टोबर

सुकन्याचे आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर गेले. धाकटी भावंडं हिच्या गळ्यात. लॅबला फिरकत नाही, पण काम मात्र वेळेवर आणि बिनचूक! पोरगी जिद्दीची आहे.

९ नोव्हेंबर

आकडे मांडले. एकट्यांच्या चुका जोड्यांइतक्याच कमी! असं कसं? कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ नोव्हेंबर

वर्गात सरळच विचारलं. परमेश्वर उठला — दिंद्रुडचा, जोडीत असलेला. लपवाछपवी काही नाही. "मॅडम, आमी समद्याच अर्ध्या कोयत्यांना हातभार लावला. सुकन्या तर तापानं पडलती, तिचं पुरंच आमी लिहिलं. फडात एकट्याची पात मागं राहिली की बाकीचे तोडून देत्यातच की. तुमची पीएच.डी. अडू नये म्हून!"

सगळा वर्ग माना डोलावत होता. त्यांना वाटलं, मी शाबासकी देईन. मला रडूच कोसळलं.

१३ नोव्हेंबर

सरांना खरं सांगितलं. वाटलं, फार तर आकडे बाद होतील. सर म्हणाले, "ही सरळसरळ कॉपी आहे." बाकीच्यांनी थोडंफार तरी स्वतः लिहिलं, त्यांना समज देऊन सोडलं. सुकन्याला टर्मवर्कमध्ये शून्य, म्हणजे वर्षच गेलं.

"सर, मार्कांत धरणार नाही असा शब्द दिलाय मी."

"शब्द तुम्ही दिलाय, कॉलेजने नाही."

मी पुढे बोलले नाही. जून डोळ्यांपुढे होता. लाज वाटते स्वतःची. तरी नाहीच बोलले.

२८ नोव्हेंबर

सुकन्या भेटायला आली. "बा म्हनला, वरीस गेलं, आता शिकून काय करती." मामाच्या मुलाशी जमवलंय. तो एकटाच तोडीला जातो, त्याला जोडीला बायको हवी. मी वडिलांशी बोलते म्हटलं, तर म्हणाली, "नका मॅडम. मुकादमाला आमचा दोघांचा कोयता सांगून झालाय."

भांडली असती तर बरं झालं असतं! उलट जाताना म्हणते, "तुमचा पेपर छापून आला की कळवा बरं का."

९ डिसेंबर

सरांनी तोड काढली. विषयच बदलायचा — 'ग्रामीण विद्यार्थ्यांमधील कॉपीची प्रवृत्ती'. आकडे तयारच आहेत. नावं घालायची नाहीत, म्हणजे कोणाला त्रास नाही.

१० डिसेंबर

लिहायला घेतलं.

१७ जानेवारी

पेपर छापून आला. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. माझा पेढा पर्समध्येच राहिला.

१८ जानेवारी

कारखान्यावरून सुकन्याचा मेसेज. "मॅडम पेपर आला का? टोळीत समद्यांना सांगितलंय, त्यात मी पन हाय. पाठवा ना, वाचून दाखविते."