माझ्या खुर्चीची पिन

प्रिय ताई,

हे चौथं पत्र. आधीची तीन सिंगापूरमध्येच, रॅफल्स प्लेसच्या माझ्या ऑफिसात श्रेडरमध्ये गेली.

मामाने स्वतःचा जीव धोक्यात घातला पण भाच्याला सोडलं नाही, असं तू अख्ख्या बुकित बातोकला सांगत सुटली आहेस. वर पुढच्या महिन्यात वरुणला पुन्हा माझ्याबरोबर पाठवायला निघालीस!

ऑस्ट्रेलियात आम्ही मित्रांनी ठेवलेलं ते जुनं लष्करी जेट पुढे पायलट, मागे एक जण, असं दोनच खुर्च्यांचं आहे. संकटात खुर्चीची मूठ ओढली की खुर्ची माणसासकट बाहेर फेकली जाते. नियम एकच: पायलटने आधी मागच्याला "ओढ" म्हणायचं, मग स्वतः जायचं. उड्डाणाआधी दोन्ही खुर्च्यांच्या सेफ्टी पिना काढतात, नाहीतर मूठ हलत नाही. वरुणची मी काढली. तेवढ्यात तुझा व्हिडिओ कॉल आला, "आधी त्याच्या हातावर दही घाल." मी कॅन्टीनमधून दही आणायला धावलो आणि माझी पिन राहिली.

वर गेल्यावर इंजिन बंद पडलं. मी विमान तसंच तरंगत आणून धावपट्टीवर टेकवलं, हे खरं आहे. "दह्यानेच वाचवलं," असं तू म्हणतेस. तेही खरंच आहे, ताई.

कारण त्याआधी वरुण मागून ओरडत होता, "मामा, ओढू? ओढू का?" मी "ओढ" म्हटलं नाही. माझे दोन्ही हात माझ्याच खुर्चीच्या मुठीवर होते, आणि मी ती जीव खाऊन ओढत होतो.

तुझा,
श्रीनिवास