थिओक्सेनस गुरुजींसाठी ठेवलेली मेणाची पाटी

मी मिक्कोस, राहणार थिस्बे, वय सव्वीस. छाती पोखरली आहे, खोकल्यातून रक्त येते. डोके मात्र शाबूत आहे. कुणाच्या धाकाने नव्हे, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. घोंगडी माझी आई फिलिनो हिला. वहाणा खाणावळवाल्या गोर्गोमावशीला. तिच्या अंजिरांवर मी दोन हिवाळे काढले, आणि एकदा त्या अंजिरांपायीच मी... असो, ते इथे नको.

२. थिओक्सेनस गुरुजी एक ग्रीक, एक रोमन अशा थोरांच्या जोड्या लावून चरित्रे लिहितात. त्यांचे लॅटिन कच्चे. माझे रोमन छावणीत खेचरे हाकताना शिकलेले. रोमन पोथ्या मी वाचून सांगायचो, ते लिहायचे.

३. एका रोमन सेनापतीच्या पोथीतल्या दहा ओळी मला लागेनात. मी ठोकून दिले, "वाटाड्या फितूर झाला." गुरुजी खूश. जोडीतल्या ग्रीक सेनापतीला हेलिकॉन डोंगरातली खिंड दाखवणारा आमचा मूळपुरुष ओनासिमोस. गुरुजींनी त्यालाही फितूर केला!

"गुरुजी, तो तर खिंडीत लढता लढता मेला. थडगं आहे आमच्या गावात."

"अरे, इकडे फितूर नसला तर तुलना कशी करू? जोडी जमायला नको?"

"मग दुसऱ्या कुणाचा पूर्वज घ्या की!"

"तुझा आयता हाताशी आहे," म्हणाले आणि ऑलिव्हची बी थुंकले.

४. ती ओळ गावात वाचली गेली तेव्हापासून गावच्या बळीतला ओनासिमोसच्या मानाचा पहिला वाटा आमच्या घरी येत नाही. पाणवठ्यावर बाया आईला ऐकवतात, "सरा गं, फितुराच्या घरची सून आली."

५. म्हणून गुरुजींना एक वेगळी मोहरबंद मेणाची पाटी; ती गोर्गोमावशीपाशी राहील. रोमन चरित्रांत मी रचून घातलेल्या चारही गोष्टी तीत लिहिल्या आहेत. एक वाटाड्याची. बाकी तीन? साक्षीदार ल्युकोन आत्ताच म्हणाला, "एक तरी सांग की, लेका!" नाही सांगत. गुरुजींनी थिस्बेच्या चौकात, आईसमोर, ओनासिमोसवरची ओळ आपल्या हाताने खोडावी, खोटी होती असे मोठ्याने म्हणावे, मग पाटी न्यावी. हिवाळा सरेपर्यंत आले नाहीत तर मावशीने मेण चुलीवर वितळवावे. मग बाकीच्या तीन खोट्या कुठल्या, हे गुरुजींना कधीच कळायचे नाही. त्यांचा ग्रंथ रोमला पोचला आहे. तिथल्या घराघरांत आपापल्या पूर्वजांची खडान्‌खडा माहिती असते. झोपा म्हणावं आता सुखाने.

६. पहिला खोटा वाटाड्या मात्र माझा. ती ओळ खोडली गेल्याशिवाय मला गावी पुरू नये. ओनासिमोसला काय तोंड दाखवू?

साक्षीदार: ल्युकोन, नावाडी (अंगठीची मोहर)
साक्षीदार: गोर्गो, खाणावळवाली (अंगठ्याचा ठसा)
सही: मिक्कोस
कॉरिंथचे बंदर, द्राक्षतोडणीचा महिना, सम्राट त्रायान यांचे आठवे वर्ष